पेस्ट बदलली आणि लॅपटॉप आणखीच तापायला लागला

अर्धाकपचहा | ८ फेब्रुवारी, रात्री ११:५२

मंडळी, हात पोळलेत, मदत हवी आहे. शब्दशः घेतलंत तरी चालेल.

लॅपटॉप २०२० चा. आय-७ १०७५०एच प्रोसेसर, जीटीएक्स १६६० टीआय ग्राफिक्स, १६ जीबी रॅम. लॉकडाऊनमध्ये ऑफिसच्या कामाला म्हणून घेतला, असं घरी सांगितलंय. पहिली दोन वर्षं काही तक्रार नव्हती. मग हळूहळू गेम सुरू केला की पाचव्या मिनिटाला पंखा असा ओरडायला लागला की आई आतून विचारायची, "एवढ्या रात्री मिक्सर कोण लावतंय?" एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारा प्रोग्रॅम) लावून पाहिलं तर सीपीयू (मुख्य प्रोसेसर) ९७ अंश, जीपीयू (ग्राफिक्सची चिप) ७८. डाव्या हाताच्या बोटांखाली अक्षरशः तवा.

दिवाळीत एका दुकानात दिला. १,२०० रुपये घेतले, "पेस्ट बदलली, सर्व्हिसिंग केलं" म्हणाले. (पेस्ट म्हणजे चिप आणि हीटसिंक यांच्या मधे लावतात तो उष्णता पोचवणारा लेप.) तीन आठवडे ८६-८७ राहिलं. चौथ्या आठवड्यात परत ९७. पुन्हा गेलो तर "गेमिंग लॅपटॉप म्हटल्यावर तापणारच साहेब" असं ऐकून परत आलो.

म्हणून परवा रविवारी स्वतःच उघडला. आत जे दिसलं ते असं: हीटसिंक (चिपांची उष्णता ओढून घेणारा तांब्याचा सांगाडा) उचलल्यावर दोन्ही चिपांच्या मधोमध पेस्ट जवळजवळ नव्हतीच, चिपेचा आरसा लख्ख दिसत होता. कडेला मात्र पांढरा ढीग, पानवाल्याकडच्या वाळलेल्या चुन्यासारखा. नखाने दाबला की खपली निघत होती. आणि जीपीयूच्या भोवती ज्या सहा मेमरी चिपा असतात त्यांच्यावरचे थर्मल पॅड (उष्णता पोचवणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटलेले, एक तर नव्हताच.

सगळं पुसून एमएक्स-४ नावाची पेस्ट लावली. पॅड जुने टाकून नवे घातले. तपकीर गल्लीत मिळाले ते घेतले, दीड मिमी. पंखा काढताना वाय-फायच्या दोन तारा आड येत होत्या, त्याही सोडवून परत लावल्या. बंद केला. (एक बारीक स्क्रू उरला. तो विषय नंतर.)

निकाल: सीपीयू ९३, ठीक म्हणू. पण जीपीयू ७८ वरून थेट ८७! आणि ८७ ला पोचला की फ्रेम निम्म्यावर. म्हणजे १,२०० रुपयांत बिघडलं नव्हतं ते मी साडेसहाशेत बिघडवलं. काय चुकलं असेल?

निवांत_पुणेकर | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

धूळ काढली होतीत का? का नुसती पेस्ट?

अर्धाकपचहा | ९ फेब्रुवारी, सकाळी ९:०४

काढली हो. पंखा आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्या मधे नमद्याचा तुकडा असावा तसा थर होता. चिमट्याने धरून ओढला तर अख्खा एकसंध निघाला, चारेक इंच लांब. फोटो काढून ठेवलाय, पण जेवायच्या वेळी कोणी वाचत असेल म्हणून टाकत नाही.

सोल्डरकाका | ९ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

धाग्याच्या पहिल्याच पोस्टीत उत्तर आहे आणि ते तुम्हीच लिहिलंय. "तपकीर गल्लीत मिळाले ते घेतले, दीड मिमी."

जुन्या पॅडची जाडी मोजलीत का? नाही ना?

हीटसिंक हा एकच सांगाडा. त्याला चिपही टेकवायची आणि आजूबाजूची मेमरीही. मेमरी चिपेपेक्षा बुटकी, म्हणून तिथलं अंतर भरायला पॅड. पॅड गरजेपेक्षा जाड झाला की तो टेकू होतो. चौपाईच्या एका खुराखाली वीट ठेवली की दुसरा खूर अधांतरी, तसं. मेमरी मजेत, आणि मधली मुख्य चिप अधांतरी. मग पेस्ट कुठलीही लावा, सोन्याची लावा.

खात्री करायची तर असं करा. पुन्हा उघडा, हीटसिंक सरळ वर उचला, पुसू नका. आधी ठसा बघा. नीट टेकलेलं असेल तर चिपेवर पेस्टचा इतका पातळ पापुद्रा राहतो की खालचा रंग जाणवतो. टेकलेलं नसेल तर पेस्ट जाड आणि खरबरीत दिसेल, बोटाने श्रीखंड उचललं की टोकं येतात ना, तशी टोकं आलेली.

दुकानात मी गेली एकवीस वर्षं हेच करतोय. दहातले तीन-चार लॅपटॉप "पेस्ट बदलूनही तापतोय" म्हणून येतात आणि त्यात बहुतेक वेळा पॅडचाच घोळ असतो. नाहीतर स्क्रू वाकडे आवळलेले असतात.

वऱ्हाडी_कूलर | ९ फेब्रुवारी, दुपारी १:२२

राजेहो, आकडे देता पण खोलीचं तापमान कोणीच देत नाही! तुमच्या पुण्यात फेब्रुवारीत रात्री पांघरूण लागते. आमच्या नागपुरात मे महिन्यात संध्याकाळी सातला घरात ३८ असते, तेही कूलर लावून. तिथं ९७ म्हणजे काय अन् इथं ९७ म्हणजे काय?

खोली दहा अंशांनी गरम झाली की लॅपटॉपही साधारण तेवढाच वर जातो, त्यात चूक कोणाचीच नाही. म्हणून दोघांतला फरक सांगत जा. खोली २५ अन् चिप ८५ म्हणजे ६० चा फरक. हा आकडा उन्हाळ्या-हिवाळ्यात फारसा हलत नाही. तो वाढला तर समजा की आत काहीतरी बिनसलं.

अवांतर: कूलरच्या हवेत लॅपटॉप ठेवणाऱ्यांनी सांभाळा. वाळ्याचा बारीक भुसा अन् ओलसर धूळ मिळून पंख्यात जे जमते त्याले नुसत्या ब्लोअरनं काढता येत नाही. मी दरवर्षी एप्रिलमध्ये उघडतोच.

चिकित्सक | ९ फेब्रुवारी, रात्री ९:३०

सोल्डरकाकांना अनुमोदन. आणि त्यांचं म्हणणं त्रैराशिकाने पडताळून पाहता येतं, तेवढंच करतो.

थरातून उष्णता जाताना तापमान किती पडेल ते काढायला थराची जाडी गुणिले वॅट, भागिले पेस्टची वाहकता गुणिले चिपेचं क्षेत्रफळ. १६६० टीआय ची चिप २८४ चौरस मिमी. चिपेत ६० वॅट धरा. पेस्टची वाहकता, डब्यावर ८.५ लिहिलेली असली तरी, प्रत्यक्षात ५ धरू.

नीट टेकलेलं असेल तर थर ०.०५ मिमी. उत्तर येतं सुमारे २ अंश. पॅड जाड असल्यामुळे दबूनही ०.३ मिमी फट उरली आणि ती सगळी पेस्टनेच भरली असं धरलं, तर साडेबारा अंश. हे साडेदहा अंश नुसत्या फटीचे. धागाकर्त्याचा जीपीयू ९ अंशांनी चढलाय आणि तिथे तो स्वतःहून वेग कमी करून थांबलाय. हिशोब जुळतो.

आता गंमत बघा. थर ०.०५ च ठेवा आणि वाहकता ४ ऐवजी ८ करा, म्हणजे साधी पेस्ट काढून दुप्पट "भारी" पेस्ट लावा. २.६ चे १.३ होतात. सव्वा अंशाचा फायदा. कुठली पेस्ट चांगली यावर नेटवर युद्धं चालतात ती या सव्वा अंशासाठी. तीच पेस्ट जाड लागली की गेले दहा.

तांब्याची वाहकता ४०० च्या आसपास, पेस्टची ५, हवेची ०.०२६. पेस्ट हा रस्ता नाही, रस्त्यातले खड्डे बुजवायचा मुरूम आहे. जिथे तांबं थेट टेकतंय तिथे पेस्ट मधे नसलेलीच बरी.

द्रवरूप | ९ फेब्रुवारी, रात्री १०:१५

एवढं सगळं करण्यापेक्षा लिक्विड मेटल लावा आणि मोकळे व्हा. डब्यावर वाहकता ७० च्या वर लिहिलेली असते. पीएस५ मध्ये सोनीने कारखान्यातूनच लावलंय. मी माझ्या लॅपटॉपला लावलं, १४ अंश उतरले.

सोल्डरकाका | ९ फेब्रुवारी, रात्री १०:३१

कृपा करून नवख्या माणसाला हे सांगू नका.

लिक्विड मेटल म्हणजे गॅलियम, इंडियम, कथील यांचं मिश्रण. वीज वाहून नेतं. लॅपटॉपमध्ये चिपेच्या आजूबाजूला तांदळाच्या कणीएवढे कपॅसिटर उघडे असतात, त्यावर एक थेंब ओघळला की मदरबोर्ड गेला. लॅपटॉप बॅगेत उभा राहतो, आडवा होतो, रिक्षात आदळतो. सोनीने भोवती बंदिस्ती केली आहे, तुम्ही काय करणार? आणि हीटसिंकचा टेकणारा भाग ॲल्युमिनियमचा असला तर गॅलियम त्यात शिरून तो बिस्किटासारखा ठिसूळ करतं.

माझ्याकडे अशा दोन पाट्या (मदरबोर्ड) पडून आहेत. बघायला या.

द्रवरूप | ९ फेब्रुवारी, रात्री १०:३८

मी नेलपॉलिश लावून कपॅसिटर झाकले होते. नीट केलं तर काही होत नाही. भीती घालू नका लोकांना.

सोल्डरकाका | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४४

नीट केलं तर विहिरीच्या कठड्यावरूनही चालता येतं.

द्रवरूप | ९ फेब्रुवारी, रात्री १०:५०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

रेखाकृती | १० फेब्रुवारी, सकाळी ११:०५

मी पहिल्यांदाच लिहितेय, वाचनमात्र होते. कोल्हापुरात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेम नाही खेळत, पण रेंडर लावला की लॅपटॉप ९५ ला जातो आणि तीन तासांचा रेंडर पाच तास चालतो. जूनमध्ये थीसिस. अजून सात महिने वॉरंटी आहे. उघडू का? मला भीती वाटते ती स्क्रू हरवण्याची आणि झाकणाचे हूक तुटण्याची.

सोल्डरकाका | १० फेब्रुवारी, दुपारी १२:२०

ताई, वॉरंटी आहे तोवर उघडू नका. आधी वॉरंटीच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा आणि सर्व्हिस सेंटरला सांगा की वेग पडतोय. "गरम होतोय" एवढंच म्हणू नका, गरम तर सगळेच होतात. पुरावा द्या: सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरचा वेग मोजणारी चाचणी) चा दहा मिनिटांचा फेरा चालवा, सोबत एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान, वॅट, गिगाहर्ट्झ तिन्ही दिसतील असा स्क्रीनशॉट घ्या. थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळे वेग कमी होण्याच्या) रांगेत "होय" दिसत असेल तर तोही.

तोवर एक करा. मागची बाजू दोन बोटं उंच करा. जाड वहीच्या कडा टेकवल्या तरी चालतील, फक्त खालची जाळी मोकळी राहिली पाहिजे. गादीवर, उशीवर अजिबात नको. यानेच कित्येकदा चार-पाच अंश उतरतात.

रेखाकृती | १० फेब्रुवारी, दुपारी १२:४१

उशीवरच ठेवते मी काका. 🙈

निवांत_पुणेकर | १० फेब्रुवारी, दुपारी १:००

धाग्याचं काम झालं. कुलूप लावा.

वऱ्हाडी_कूलर | १० फेब्रुवारी, दुपारी १:१८

ताई, थीसिसच्या दिवसांत आणखी एक. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ची ९९ करा. टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो, तापमान धाडकन पंधरा-वीस अंश उतरते. वेग कमी होईल, हाव, पण रात्री होस्टेलवर झोपलेल्यांची झोप मोडणार नाही. ब्राउझर अन् टायपिंगले हे पुरते. रेंडरच्या वेळी पुन्हा १०० करा.

अर्धाकपचहा | ११ फेब्रुवारी, रात्री १२:३५

काकांनी सांगितलं तसं पुन्हा उघडला. वर्णन करतो कारण असं आधी कुठे वाचलं नव्हतं.

बॅटरीचा जोड आधी काढला, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं. हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी १ ते ७ आकडे कोरलेले आहेत, ते मी रविवारी पाहिलेच नव्हते! या वेळी ७ पासून उलटे, प्रत्येकाला अर्धा-अर्धा फेरा देत सोडवले. हीटसिंक उचलताना सीपीयूच्या बाजूने "चुर्र" असा चिकटून सुटल्याचा आवाज आला. जीपीयूच्या बाजूने काहीच नाही. नुसता वर आला.

सीपीयूवर राखाडी पापुद्रा, पातळ, सगळीकडे सारखा. जीपीयूवर मी रविवारी प्लास्टिकच्या पट्टीने पसरवलेल्या रेघा जशाच्या तशा होत्या. चार दिवस गेम खेळलो आणि पट्टीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या. म्हणजे तांबं त्या चिपेला नीट शिवलंही नव्हतं. फक्त एका कोपऱ्यात, बोटाच्या नखाएवढा भाग चेपलेला.

आणि पॅडवर मेमरी चिपांचे चौकोन इतके खोल उठलेत की वरच्या अक्षरांचा ठसा उलटा वाचता येतोय.

कचऱ्याच्या डब्यातून जुन्या पॅडचा फाटका तुकडा शोधला (केराची गाडी अजून यायची होती, नशीब). व्हर्नियर नाही, म्हणून पोरीच्या कंपासपेटीतली पट्टी. मिमीच्या एका रेघेएवढा. एक मिमी.

चिकित्सक | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

पट्टीच्या रेघा शाबूत होत्या हे वाचून ऊर भरून आला. त्रैराशिकात मी ०.३ धरले होते, बहुधा त्याहून जास्तच फट असणार. मेमरी इतका जोर लावत होती तर पाटीही किंचित वाकली असेल, बंद करताना सपाट बसतेय ना ते बघा.

सोल्डरकाका | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

शाब्बास. आता एक मिमी आणा, आणि मऊ आणा. पॅड घेताना दुकानात दोन बोटांत दाबून बघायचा. रबरासारखा कडक असला तर एक मिमी असूनही टेकू होईल. भिजवलेल्या कणकेसारखा दबला पाहिजे.

नाहीतर थर्मल पुटी घ्या. ती मळलेल्या पिठासारखी असते, जाडीचा प्रश्नच नाही, जेवढी फट तेवढी ती दबते. मेमरी आणि मॉस्फेटवर (वीजपुरवठ्याच्या चिपांवर) थोडी जास्तच ठेवा, बाजूला पसरली तरी चालते, वीज वाहत नाही. मी हल्ली जाडी माहीत नसलेल्या पाटीला पुटीच लावतो.

आणि मुख्य चिपेवर पेस्ट लावताना: डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, तिथे मधोमध वाटाण्याएवढा ठिपका टाकून भागतं. लॅपटॉपची चिप उघडी असते, कोपरा कोरडा राहिला तर नेमका तो कोपराच तापतो. म्हणून सगळीकडे पसरून लावायची, कडेपर्यंत.

पुसायला ९९ टक्क्यांचा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), चष्म्याचं फडकं. हात धुवायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, ते तेलकट राहतं. थिनर तर नकोच. हे लिहितोय कारण कोणीतरी करतंच.

हॅम्बर्गकर | ११ फेब्रुवारी, दुपारी ४:५०

उशिरा आलोय. तीन आठवड्यांत पेस्ट कडेला पळाली होती, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

याला पंप-आउट म्हणतात. सिलिकॉन आणि तांबं तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. गेम सुरू, बंद, सुरू, बंद. दर वेळी दोघांमधली फट किंचित दबते, किंचित सुटते, आणि पातळ पेस्ट दर खेपेला थोडी थोडी बाहेर ढकलली जाते. परत आत येत नाही. दिवाळीत लावलेली पेस्ट सुरुवातीला चांगली चालली आणि मग ९७, हे अगदी त्याचंच लक्षण. वाळणं हा पुढचा भाग. काही महागड्या पेस्टा डेस्कटॉपच्या चाचणीत पहिल्या येतात आणि लॅपटॉपच्या उघड्या चिपेवर दोन-तीन महिन्यांत पळतात. यात एमएक्स-४ सुद्धा फार टिकाऊ नाही हे आधीच सांगून ठेवतो.

मी दोन वर्षांपूर्वी हनीवेलची पीटीएम७९५० लावली. ही पेस्ट नाही, पाव मिमीची करडी चकती असते, दोन्ही बाजूंना प्लास्टिक. ४५ अंशांच्या आसपास ती मऊ होऊन पसरते, थंड झाली की परत घट्ट. म्हणून बाहेर पळत नाही. चिपेपेक्षा केसभर मोठी कापायची आणि प्लास्टिक सोलायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायची, नाहीतर प्लास्टिकबरोबर तीच सोलून येते. माझी पहिली चकती अशीच गेली, वीस मिनिटं शिव्या देत खरवडत होतो.

पहिल्या दिवशी आकडे बघून निराश होऊ नका. दहा-बारा वेळा तापून थंड झाली की खरी बसते. माझा पहिल्या संध्याकाळी ८९ होता, आठवड्याने ८२, आणि दोन वर्षांनी आजही ८३. खोली इथे २१ असते हे वऱ्हाडी_कूलर यांच्या समाधानासाठी.

खरेदीत सावध राहा, नावाने भलतंच विकणारे खूप आहेत.

वऱ्हाडी_कूलर | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:०५

६२ चा फरक. बरा आहे. अन् खोली २१! आम्ही एवढ्यात स्वेटर शोधतो.

टर्बोबंद | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

अंडरव्होल्टबद्दल (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करण्याबद्दल) कोणीच बोलत नाही? थ्रॉटलस्टॉप नावाच्या प्रोग्रॅममध्ये मी जुन्या आठव्या पिढीच्या लॅपटॉपला उणे १०० मिलिव्होल्ट देऊन ९ अंश उतरवले होते, स्क्रूड्रायव्हरला हात न लावता.

चिकित्सक | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:४५

दहाव्या पिढीत बऱ्याच लॅपटॉपांना ते कुलूपबंद आहे. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी उघड झाली, व्होल्टेज खाली-वर करून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली माहिती काढता येते अशी. त्यानंतर बायोसच्या (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या) अपडेटमधून हे दार बंद झालं. धागाकर्त्याने बघायला हरकत नाही, पण आशा कमी. जीपीयूला मात्र आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्रॅममध्ये व्होल्टेजची रेघ खाली ओढता येते, ते कुलूप नाही.

पण फट आधी बुजवा. भोकाच्या बादलीत नळ हळू सोडून काय मिळवणार?

अर्धाकपचहा | १५ फेब्रुवारी, रात्री ११:२०

झालं!

पीटीएम मिळायला वेळ लागला असता म्हणून सध्या एमएक्स-४ च, आणि मेमरीवर पुटी. पुटीचं काकांनी सांगितलं ते तंतोतंत खरं, पोळीच्या कणकेचा गोळा तोडून ठेवल्यासारखं वाटतं. स्क्रू १ ते ७ क्रमाने, आधी सगळे नुसते धरवले, मग अर्धा-अर्धा फेरा. बंद करायच्या आधी एकदा उचलून ठसा पाहिला (त्यात पेस्ट वाया गेली, पुन्हा लावावी लागली, पण झोप लागणार नव्हती). या वेळी दोन्ही बाजूंनी "चुर्र".

खोली २७. तोच गेम, तोच नकाशा, अर्धा तास. सीपीयू ८४. जीपीयू ७३.

पण आकड्यांपेक्षा एक गोष्ट उशिरा लक्षात आली ती सांगतो. आधी ८७ ला जीपीयू ६२ वॅटवर अडकलेला होता. आता ७३ ला पूर्ण ८० वॅट खातोय. म्हणजे जास्त उष्णता काढूनही थंड आहे. सिनेबेंचही ५,९०० वरून ६,९०० च्या घरात. नुसतं तापमान बघत बसलो असतो तर निम्मीच गोष्ट कळली असती. रविवारी सीपीयू ९३ आला तेव्हा "चारच अंश उतरले" म्हणून हिरमुसलो होतो, आता नोंदी काढून पाहिल्या तर त्या ९३ ला वॅट पाचने वाढलेले होते.

आई म्हणाली, "आज मिक्सर नाही वाटतं."

निवांत_पुणेकर | १६ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

अभिनंदन. आता त्या उरलेल्या स्क्रूचं काय?

अर्धाकपचहा | १६ फेब्रुवारी, सकाळी ९:१२

साखरेच्या डब्याच्या झाकणात आहे. सगळीकडे लावून पाहिला, कुठेच बसत नाही. चालतंय ना सगळं, मग राहू दे.

रेखाकृती | २७ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

कळवायचं राहिलं. उशी सोडली, खाली दोन जाड वह्या घातल्या: ९५ चे ९०. स्क्रीनशॉट घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. आधी तेच, "सगळ्यांचाच तापतो". मग वॅटचा आकडा दाखवला, ४५ ऐवजी २८ वर चालतोय म्हटलं. आतून एक दादा आले, त्यांनी स्क्रीनशॉट दोनदा मोठा करून बघितला आणि काही न बोलता लॅपटॉप जमा करून घेतला. दोन दिवसांनी मिळाला. आता रेंडरमध्ये ८६, आणि तीन तासांचा तीनच तास. थँक्यू काका.

सोल्डरकाका | २७ फेब्रुवारी, दुपारी ४:०५

उत्तम. थीसिसची प्रत या धाग्यावर दाखवायची.

वऱ्हाडी_कूलर | १९ मे, दुपारी २:५०

धागा वर काढतो. बाहेर ४५. अर्धाकपचहा, हालहवाल? तीन महिने झाले, पेस्ट पळाली का?

अर्धाकपचहा | १९ मे, रात्री १०:२५

खोली ३४, सीपीयू ९३, जीपीयू ८१. फेब्रुवारीत फरक ५७ होता, आज ५९. दोन अंश पळाली म्हणू. पीटीएम मागवून ठेवली आहे, पावसाळ्यात लावेन. फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी आहे, घरच्यांनी तीनदा विचारलंय हे काय आहे.

रच्याकने (बाय द वे), महिनाभर वाय-फाय मधूनच जातंय. राउटर बदलला, चॅनेल बदललं, ड्रायव्हर बदलला. उपयोग शून्य. लॅपटॉप उचलून दुसरीकडे ठेवला की हमखास जातं.

सोल्डरकाका | १९ मे, रात्री १०:३१

तुमच्या साखरेच्या डब्याच्या झाकणातला स्क्रू. चपट्या डोक्याचा, जेमतेम तीन मिमी लांब, काळा?

अर्धाकपचहा | १९ मे, रात्री १०:३३

हो.

सोल्डरकाका | १९ मे, रात्री १०:३४

वाय-फायच्या कार्डाचा आहे तो.